तापी समुद्राला मिळते तिथे जाऊ

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा दोन वाक्यं बोलून फोन आईच्या हातात देतात, म्हणून हे पत्र. बाबा, नीट बसून वाचा.

काल प्रवासाची एक फिल्म पाहिली आणि रात्री उशिरापर्यंत डोळा लागला नाही. मेक्सिकोत बाहा कॅलिफोर्निया नावाचं द्वीपकल्प आहे. बाराशेवर किलोमीटर लांबीची चिंचोळी पट्टी. एका अंगाला पॅसिफिक महासागर, दुसऱ्या अंगाला कॅलिफोर्नियाचं आखात, मधे वाळवंट. तुमच्याच वयाचं एक जोडपं तिथे मोटारहोम घेऊन फिरतं. मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घरच, आत पलंग, शेगडी, मोरी, संडास सगळं.

बाबा, तो रस्ता पाहताना सारखे तुम्ही आठवत होतात. तिहुआनापासून काबो सान लुकासपर्यंत सतराशे किलोमीटर, आणि सलग डांबरी झाला तो थेट १९७३ साली. बऱ्याच ठिकाणी साइडपट्टी नाही. समोरून ट्रक आला की दोन्ही आरशांत हातभर जागा उरते. कोरड्या नाल्यांवर पूल नाहीत, रस्ताच खाली उतरून वर चढतो. आपल्या नाल्यावरच्या फरशीसारखं, पाऊस झाला की थांबायचं. मधल्या वाळवंटात तीनशे किलोमीटर पंपाचा भरवसा नाही. पुढचा ट्रकवाला डावा इंडिकेटर देऊन सांगतो, रस्ता मोकळा आहे, घ्या पुढे. तुम्ही खिडकीतून हात काढून मागच्याला असंच सांगायचात.

आणि आई, त्या बाईंचं भांडी घासणं पाहायला हवं होतंस. टाकीतलं पाणी चार दिवस पुरवायचं, म्हणून आधी ताटं कागदाने पुसून घेतली, मग तांब्याभर पाण्यात सगळी विसळली आणि ते पाणी बादलीत धरलं. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं तेव्हा तू तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला घालायचीस, तोच हात. मला एकदम भरून आलं.

तिथे ग्वेरेरो नेग्रो गावाजवळ समुद्राचं पाणी उन्हात आटवून मीठ काढतात. या पद्धतीचं जगातलं सगळ्यात मोठं मिठागर ते. शेजारच्या खाडीत हिवाळ्यात करडे देवमासे येतात. उत्तर ध्रुवाकडच्या थंड समुद्रातून आठ हजार किलोमीटरच्या वर पोहत, पिल्लांना जन्म द्यायला. दीडशे वर्षांपूर्वी याच खाड्यांत शिकारी त्यांच्यावर भाले चालवायचे. आता आई पिल्लाला घेऊन स्वतःहून होडीजवळ येते. फिल्ममधल्या त्या आजींनी वाकून पिल्लाच्या नाकाडावर हात ठेवला. ओली, राखाडी कातडी, त्यावर चिकटलेले शिंपले. आजोबा मागून त्यांचा पदर धरावा तसं जाकीट घट्ट धरून बसले होते.

तिथेच मी फिल्म थांबवली.

बाबा, तुम्ही एसटीत तीस वर्षं गाडी चालवलीत. अमळनेर-सुरत तर तुमची ठरलेली. सुरतेचा स्टँड किती वेळा पाहिला असेल! पण रात्री पोचायचं, गाडीतच पाठ टेकायची, पहाटे परत फिरायचं. आपल्या तापीवर तुम्ही पोहायला शिकलात, आईने दर अधिक महिन्यात तिथे स्नान केलं. ती मुलताईहून निघून सव्वासातशे किलोमीटर वाहून सुरतेजवळ समुद्राला मिळते, आणि तुम्हा दोघांनी ते कधी पाहिलं नाही. आम्हा तिघांची शिक्षणं होत राहिली, तुमचं राहून गेलं.

झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी इथे पुण्यात भाड्याने मिळते. मी स्वतः जाऊन पाहून आले. पायरी उंच आहे, आईच्या गुडघ्यासाठी लाकडी पाट घेऊ. दिवाळीनंतर मला दहा दिवसांची रजा आहे. मी गाडी घेऊन अमळनेरला येते. धुळे, साक्री, नवापूर करत सुरत, तापीचं मुख, आणि तिथून सौराष्ट्राच्या किनाऱ्याने द्वारका. द्वारका आईची किती वर्षांची राहिली आहे.

"आता या वयात कशाला" असं म्हणू नका. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलंय. गाडी मी चालवीन. कोंडाईबारीच्या घाटात मात्र बाबांनी शेजारी बसून वळणं सांगायची.

आई, कळण्याचं पीठ आणि बिबडे बांधून ठेव. गाडीत पाण्याची टाकी साठ लिटरची आहे. तिचा हिशोब तुझ्याकडे.

तुमची,
ताई