आई-बाबांना, शुक्रवारच्या आधी

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

दादाने तुम्हाला सगळं सांगून टाकलं, हे मला कालच कळलं. मी रविवारी समोर बसून सांगणार होते. आता फोन केला की आई नुसतं "बरं" म्हणते आणि त्या "बरं"पुढे मला काही बोलताच येत नाही, म्हणून लिहायला बसले. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

हो, मी रात्री इमारतीच्या बांधकामाच्या साइटवर जाणार आहे. होकार कळवून झालाय. पायाचं काम संपलंय, आता तिथपासून गच्चीचा स्लॅब पडेपर्यंत दर शुक्रवारी रात्री जाऊन फोटो काढायचे. नोकरी आहे तशीच आहे, शनिवारी सुट्टी असते, झोप भरून निघेल.

आई, तुझ्या डोळ्यांसमोर काय येत असेल ते कळतंय मला. दादाने तो शांघायचा व्हिडिओ दाखवला ना? त्यातले ते दोघे २०१४ मध्ये सुट्टीची वेळ साधून, रात्रीचे चोरून शिरले होते आणि बांधकाम चालू असलेल्या टॉवरच्या क्रेनवर, ६०० मीटरहून उंच, पट्ट्या-दोराशिवाय चढले होते. लंडनचा शार्ड नावाचा उंच टॉवर पुरा व्हायच्या आधी त्यावरही असेच काहीजण चढले, २०१२ मध्ये त्याच्या बातम्या आल्या होत्या. माझ्या ओळखीतही पत्र्यांच्या फटीतून आत जाणारी मंडळी आहेत. त्यांनी मला बोलावलं, मी नाही म्हटलं. त्यांना धाडस नाही असं मी म्हणणार नाही. पण चोरून आत गेलेल्याला त्या दिवशी कुठली फळी काढली, कुठला टेकू हलवला, कुठे रेलिंग अजून लागायचं आहे, यातलं काही ठाऊक नसतं. जमिनीवर प्लायचा तुकडा पडलेला दिसला तर तो कचरा समजायचा नाही, त्याच्याखाली भोक आहे असंच धरून चालायचं. हे मला कुणी शिकवलं, बाबा?

मी दारातून जाणार आहे. वहीत नाव आणि वेळ लिहून. सोबत रात्रपाळीचा सेफ्टी इंजिनिअर असणार, तो नसेल त्या रात्री मी परत फिरणार. हेल्मेट, जाड तळव्याचे बूट (खिळे वर आलेल्या फळ्या सगळीकडे असतात), चमकणारं जॅकेट. कडेपासून लांबच राहायचं, आणि कडेला जावंच लागलं तर हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचा सुरक्षेचा पट्टा, तोही डोक्याच्या वरच्या अंगाला पक्क्या जागी अडकवलेला, म्हणजे पडलं तरी फार खाली जात नाही. उभ्या सळयांच्या टोकांना टोप्या लावलेल्या आहेत, मी दिवसा जाऊन बघून आले. वारा सुटला किंवा पाऊस आला तर काम रद्द. आणि लिफ्टच्या डक्टच्या तोंडाशी मी जाणार नाही. धाकट्या काकांसाठी एवढंच लिहिते, पुढे काही लिहीत नाही.

आता तुम्ही विचाराल, दिवसा का नाही? दिवसा साइटवर नुसती धावपळ दिसते. रात्री इमारत कशी उभी राहते ते दिसतं. शिवाय मोठे स्लॅब बऱ्याचदा रात्रीच पडतात, गारवा असतो आणि मिक्सरच्या गाड्यांना रस्ते मोकळे मिळतात. एकदा ओतायला सुरुवात झाली की मध्ये थांबता येत नाही, नाहीतर जुन्या-नव्या काँक्रीटमध्ये सांधा राहतो. काँक्रीट हलवून नीट बसवणारा व्हायब्रेटर धरून वाकलेला माणूस, गमबुटांत घोटाभर काँक्रीटमधून चालणारे लोक, फ्लडलाइटमध्ये उठणारी वाफ, हे मला टिपायचंय. ज्या रात्री काम नसतं, त्या रात्री क्रेनचा फिरण्याचा ब्रेक मोकळा सोडलेला असतो, वाऱ्याला तोंड द्यायच्या ऐवजी तिचा लांब हात वाऱ्याबरोबर हळूहळू वळत राहतो. लोकांना ती बंद वाटते.

बाबा, मी पाच-सहा वर्षांची असताना तुम्ही मला खांद्यावर बसवून स्लॅब दाखवायला नेलं होतंत. आई चिडली होती. सकाळी परत नेऊन तुम्ही माझा तळहात कॉलमवर ठेवलात आणि तो कोमट लागला. मला वाटलं, त्याला ताप आला. तुम्ही हसला नाहीत. सिमेंट आणि पाणी एकत्र आले की आत उष्णता तयार होते, काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होतं, म्हणून त्याला आठवडाभर तरी पाणी पाजायचं, असं सांगितलंत. सात दिवसांत साधारण दोन तृतीयांश ताकद येते, पुरा हिशोब २८ दिवसांचा. पाढ्यांच्या आधी मला हे पाठ झालं. मग त्या गोष्टीनंतर हेल्मेट माळ्यावर गेलं आणि तुम्ही साइटबद्दल बोलायचेच थांबलात. मी कधी विचारलं नाही. आजही विचारत नाही.

पण प्लॅस्टर झालं, रंग लागला, की ज्यांनी सळया बांधल्या त्यांचं त्या भिंतींत काही उरत नाही. तुम्ही उभ्या केलेल्या एकाही इमारतीच्या कामाचा फोटो आपल्या घरी नाही. मला याचं फार वाईट वाटतं. या इमारतीचं तसं होऊ नये, आणि तिथल्या प्रत्येक कामगाराला त्याचा फोटो कागदावर छापून मिळावा, एवढ्यासाठी मी जातेय. मुकादमाशी तसं बोलून झालंय.

तुमचं काही अडणार नाही. रविवारी मी नेहमीच्या वेळेला येईन. औषधांचा डबा महिनाभराचा भरून ठेवलाय. रात्री साइटवरून निघाल्यावर दादाला मेसेज जाईल. आई, तुला उठवणार नाही, पण जाग आलीच तर बिनधास्त फोन कर. मला राग येत नाही. लहानपणी मी "जागी आहेस का" विचारत तुझ्या पांघरुणात शिरायचे तेव्हा तुलाही कधी आला नाही.

आता मी सांगते ते ऐकायचं. बाबा, स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही. हेल्मेटसुद्धा नाही, मला द्यायचं मनात असेल तर मी आल्यावर मीच काढेन. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवायला माणूस येणार आहे, त्याला परत पाठवू नका. त्याने तो टाइल्सवर नुसता चिकटवून न देता भिंतीत भोक पाडून बसवायला हवा, तेवढं उभं राहून बघा, ते तुमच्याइतकं कुणाला कळत नाही. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवून गुडघा बरा होत नसतो. जिन्यात रात्रीचा दिवा चालू राहू दे, विजेचं बिल मी बघते. आणि रक्तदाब सकाळी उठल्यावर, पाच मिनिटं शांत बसून मोजायचा, वहीत लिहायचा. मागच्या आठवड्याचं पान कोरं आहे, दादाने मला तेही सांगितलंय.

तुमची,
धाकटी