शिव्या म्हणजे पाठिंबा नव्हे

महोदय,

परवा दहा वर्षांच्या भाच्याला घेऊन फातोर्ड्याला फुटबॉल सामना पाहायला गेलो होतो. क्रिकेटमध्ये षटक संपलं की प्रेक्षकाला दम खायला, चहा प्यायला फुरसत मिळते. इथे 45 मिनिटं ती उसंतच नाही, त्यामुळे ढोल आणि घोषणा अखंड चालू असतात. हा जोश मला मनापासून आवडतो. टेनिसमध्ये सर्व्हिसच्या वेळी पाळायची शांतता फुटबॉलमध्ये कुणी मागूही नये!

पण पाहुण्या संघाचा गोलरक्षक आमच्या बाजूला आला आणि मागच्या रांगेतून त्याच्या आईवरून शिव्या सुरू झाल्या. भाच्याने गळ्यातला संघाचा स्कार्फ हळूच काढून मांडीवर ठेवला. तो पाहून पोटात तुटलं. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक देशाला देणाऱ्या गोव्यात गोलरक्षकाच्या वाट्याला हे यावं? 2022 च्या विश्वचषकात जपानी प्रेक्षक सामन्यानंतर स्टँडमधला कचरा उचलत होते, तेही त्याच खेळाचे चाहते.

चाहत्यांचे गट ढोल कोणी वाजवायचा ते ठरवतात, तसंच शिव्या देणाऱ्याला गप्प बसवण्याची जबाबदारीही त्यांनी घ्यावी. पुढच्या सामन्याला भाचा येतो म्हणालाय.

– एक फुटबॉलप्रेमी, फोंडा