गाडी गेली तरी राहुटी उभी

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गाडीला जोडलेली राहुटी गाडी निघून गेल्यावर उभी कशी राहते, असे तुम्ही परवा फोनवर विचारलेत. तेव्हा मला ते नीट सांगता आले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमच्या कॅम्परव्हॅनच्या, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या गाडीच्या, या राहुटीला ड्राइव्ह-अवे ऑनिंग म्हणतात. साधे ऑनिंग, म्हणजे गाडीला जोडलेला कापडी मांडव, गाडीच्या आधाराने उभे असते. हिला तो आधार लागत नाही. हिच्या कापडात दांड्यांऐवजी हवेच्या नळ्या आहेत. हातपंपाने त्यांत हवा भरली, की कमानी आपोआप उभ्या राहतात, आणि मग चहूबाजूंनी मेखा ठोकून तणावे ताणायचे. मेख तिरपी ठोकावी आणि तिचे डोके राहुटीपासून बाहेर झुकलेले असावे. सरळ ठोकलेली मेख वाऱ्यात उपटते.

राहुटी आणि गाडी यांच्यामध्ये कापडाचा आखूड बोगदा असतो, आणि खरी कारागिरी तिथल्या जोडात आहे. बोगद्याच्या कडेला, आई ब्लाउजच्या गळ्याला शिवते तसा, पण चांगला 6 मिलिमीटर जाडीचा गोट असतो. गाडीच्या छताच्या कडेला खोबण असलेली पट्टी आहे. तिच्यात दोन्ही कडांना गोट असलेली एक कापडी पट्टी सरकवायची, म्हणजे तिची दुसरी कड बाहेर लोंबते. हे दोन गोट एकत्र धरते ती इंग्रजी आठच्या आकड्यासारखी, दोन खाचांची लवचीक पट्टी. निघताना ती बाजूला ओढून काढली, की गाडी मोकळी. बोगदा गुंडाळून बांधायचा, राहुटीच्या त्या बाजूची चेन लावायची आणि निघायचे. अंथरूण, खुर्च्या, मुलांचे बूट सगळे जागच्या जागी राहते, आणि आमची जागा कुणी रिकामी समजत नाही.

पहिल्या खेपेला आम्ही गाडी राहुटीला फार खेटून लावली होती. बोगद्याचे कापड सैल पडून त्याला झोळ आला, रात्री पावसाचे पाणी त्यात साचले आणि पहाटे दार उघडताच ते सगळे माझ्या अंगावर आले. आता कापड ताठ राहील इतके अंतर आम्ही मोजून ठेवतो. स्वयंपाकाची शेगडी मात्र राहुटीत कधीही पेटवत नाही, कारण बंद कापडात कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसल्यामुळे ते कळतही नाही. घरी परतल्यावर ओले कापड पूर्ण वाळवूनच घडी घालतो. एरवी बुरशी धरते.

सर्वांत अवघड काम परत आल्यावरचे. गाडी वीतभर जरी तिरकी लागली, तरी गोट खाचेत शिरत नाही. म्हणून निघण्यापूर्वी पुढच्या चाकाला टेकवून लाकडी ठोकळा ठेवतो आणि गाडीच्या लांबीला समांतर दोरी जमिनीवर आखून ठेवतो. तरीही गाडीत बसून दोरी दिसत नाही. बाहेर उभे राहून हात दाखवणारे कुणीतरी लागतेच. तुम्ही दोघे इकडे आलात, की ते काम तुमच्याकडे.

आईस साष्टांग नमस्कार.

आपली,
मोठी लेक