काउबॉय, डाग आणि वैरण

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीतला काउबॉयवरचा लेख पिस्तुलातच अडकला. गुरांच्या धंद्यातली ही माणसं निवडणुकीत का उतरली, हे त्यात आलंच नाही.

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातला गुरंमालक कॉनराड कोर्स घ्या. मूळचा आजच्या जर्मनीतल्या होल्स्टाइनचा. 1862 मध्ये सोन्याच्या नादाने बॅनॅक या खाणवस्तीत आला आणि तिथे खाटकाच्या दुकानात कामाला लागला. खाणवाल्यांना मांस लागे, म्हणून पुढे त्याने गुरांचाच धंदा धरला. 1866 मध्ये डियर लॉजचं जॉनी ग्रँटचं रँच (गुरं पाळायची मोठी वाडी) त्याने 19,200 डॉलरला घेतलं.

गुरं चरत ती मात्र बहुतेक सरकारी रानात. आपल्याकडचं गायरान समजा, पण कुंपण नाही, राखोळी नाही, दहा मालकांची जनावरं एकत्र. मालकी काय ती डागावर, म्हणजे तापल्या लोखंडाने कातडीवर उठवलेल्या मालकाच्या खुणेवर. वसंतात सगळे मिळून गुरं गोळा करत. वासरू जिच्या मागे जाईल, त्या गाईचा डाग त्याला. आईपासून चुकलेलं बिनडागी वासरू कोणाचं, यावर भांडणं होत. डागांची नोंद, रेल्वेत चढवण्याआधी डाग पाहणारे निरीक्षक, हे कायद्याशिवाय कसं व्हायचं? मोंटानात 1885 मध्ये त्यासाठी पशुधन मंडळ झालं. कोर्स आधी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कारभारात, मग विधिमंडळात, 1889 मध्ये राज्यघटना लिहिणाऱ्या सभेत आणि पुढे मोंटाना राज्याच्या सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात गेला.

लेखात 1886-87 च्या हिवाळ्यावर ‘बर्फाने गुरं मेली’ एवढंच आहे. बर्फ दरवर्षीच पडे. त्या वर्षी आधी उन्हाळा कोरडा गेला, त्यात गुरं बेसुमार, गवत मुळापर्यंत ओरबाडलेलं. जानेवारीत उबदार ‘चिनूक’ वाऱ्याने वरचा बर्फ वितळला आणि लगेच गोठून त्याची कडक साय झाली. घोडा खुराने बर्फ उकरतो. गाय तोंडाने ढकलते, तिला ती साय फुटत नाही. थोबाड नि पाय सोलून निघतात, गवत हाती लागत नाही.

उपाय वैरणीचा. 450 किलोच्या गाईला दिवसाला 10-11 किलो वाळलं गवत धरा. पाच महिन्यांचं दीड टनावर जातं. हजार गाई म्हणजे दीड हजार टन गंजी, तीही उन्हाळ्यात कापून, नीट वाळवून. ओलं रचलं की आत तापतं, कुजतं. मोकळ्या रानावर विसंबलेल्या बहुतेकांकडे हा साठाच नव्हता. कोर्सचंही जबर नुकसान झालं. मोंटानातल्याच बुट गावच्या एका बँकवाल्याने दिलेल्या 1 लाख डॉलरच्या कर्जावर तो पुन्हा उभा राहिला.

त्याचं रँच 1972 पासून राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. तिथे आजही गुरं आहेत.

आपला,
एक वाचक, फलटण