अप्पांच्या रिपोर्टाबद्दल

ती. दादा आणि वहिनी,
सा. नमस्कार.

इकडं सगळं ठीक. थंडी पडायला लागलीय, स्वेटर आहेत, जेवण वेळेवर होतं. वहिनीनं परत विचारू नये.

अप्पांचा प्रोस्टेटच्या (मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) बायोप्सीचा रिपोर्ट नीट वाचला. १२ तुकड्यांपैकी २ मध्ये कॅन्सर, ग्लीसन ३+३, म्हणजे पेशी किती बिघडल्यात त्याचा आकडा. बायोप्सीत याच्या खालचा आकडा आता देतच नाहीत, म्हणजे ही सगळ्यात सौम्य जात. तू चिडून म्हणालास, "कॅन्सर हाय अन् नुसतं बघत बसायचं?" बघत बसायचं म्हणजे हात बांधून नाही रे. पहिल्या वर्षी दर तीन-चार महिन्यांनी पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी), वर्ष-दीड वर्षात एमआरआय, पुढं सहा महिन्यांनी पीएसए. पीएसएचा आकडा चढत राहिला किंवा एमआरआयवर नवं काही दिसलं तर पुन्हा बायोप्सी. त्यात ग्लीसनचा ४ निघाला तर उपचाराचं ठरवू. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट चाचणीत १,६४३ पुरुषांचे तीन गट केले होते: नजर, ऑपरेशन, रेडिएशन. १५ वर्षांनी तिन्ही गटांत या कॅन्सरनं दगावलेले शंभरात तीनच्या आसपास. नजरेच्या गटात आजार पसरण्याचं प्रमाण मात्र जवळपास दुप्पट होतं, म्हणून तारखा चुकवायच्या नाहीत. आणि घाईनं ऑपरेशन केलं तर लघवी गळणं, मज्जातंतूंना धक्का लागून लैंगिक ताकद जाणं, हे एकाहत्तरीत, शुगर असताना, कशाला ओढवून घ्यायचं?

मला अडलंय ते गोळीपाशी. लघवीसाठी अप्पा दोन वर्षं रात्री जी गोळी घेतात ती नुसती टॅमसुलोसिन (लघवीची वाट मोकळी करणारी) असेल तर अप्पांचा पीएसए ७.४ म्हणजे ७.४. पण तिच्यात प्रोस्टेट आकसवणारं डुटास्टेराइड असेल तर ते पीएसए निम्म्यावर आणतं. मग खरा आकडा १५ च्या जवळ धरावा लागतो, आणि १० च्या वर गेलं की माणूस सौम्य गटात बसत नाही. गोळी एका डॉक्टरची, बायोप्सी दुसऱ्याची, त्यामुळं हे कुणी विचारलंच नसणार. पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो आजच टाक.

एमआरआय आधी व्हायला हवा होता. आता बायोप्सीचं रक्त चित्र बिघडवतं, म्हणून सहा ते आठ आठवडे थांबून लातूरला करा. पीएसएसुद्धा तोवर नको. नंतर दरवेळी एकाच लॅबमध्ये. लघवीला जळजळ असेल तर आधी ती बरी करायची, आणि रक्त द्यायच्या आधी दोन दिवस अप्पांनी शेतात सायकलवर जायचं नाही. लॅबमधून बायोप्सीच्या तुकड्यांच्या काचेच्या स्लाइड आणि मेणातले ब्लॉक मागून घे. टाटाला किंवा संभाजीनगरच्या शासकीय कॅन्सर रुग्णालयात दुसरं मत घ्यायचं झालं तर कागदाआधी तेच मागतात.

इथल्या हॉस्पिटलातली एक तऱ्हा सांगते. नातेवाइकाला आधी बाहेर बोलावून घेत नाहीत, डॉक्टर पेशंटलाच तोंडावर "कॅन्सर" सांगतात. शेजारी नर्स बसलेली असते. मग झालेलं सगळं बोलणं पत्रात लिहून फॅमिली डॉक्टरला जातं आणि त्याची प्रत पेशंटच्या घरी पोस्टानं येते. पेशंटनं हो म्हटल्याशिवाय मुलाला फोनवर साधा आकडा कळत नाही. सत्तरीतली माणसं ते पत्र पिशवीत घालून येतात, समासात प्रश्न लिहिलेले असतात. सुरुवातीला मला हे निर्दयी वाटायचं. तुम्ही अप्पांना "साधी गाठ" सांगितलंय, मग दर तीन महिन्यांनी रक्त का काढतात ते त्यांना कोण समजावणार? वर्षभरात ते "मला काय झालंय" म्हणून जायचेच बंद होतील. सांगून टाका. समोर बसून मीच सांगायला पाहिजे होतं, ते मला कळतं.

४० हजार पाठवलेत, एमआरआय त्यातून करा. सोयाबीन भाव नसताना विकू नकोस. रेशनकार्डावरचं आणि आधारवरचं अप्पांचं नाव जुळवून ठेव, पुढं उपचार लागला तर महात्मा फुले योजनेत अडायला नको.

परभणीच्या स्थळाला अप्पांच्या तब्येतीचं कारण देऊ नका. दिवाळीत मला रजा नाही, हेच कारण आहे. मुलाला माझा नंबर द्या, मी बोलते. आईला यातलं लग्नाचं तेवढं वाचून दाखव.

तुझी,
छकुली