टॅक्स वाढवला की लगेच समाजवाद कसा?

संपादक महोदय,

अमेरिकेत कुणी श्रीमंतांवर टॅक्स वाढवा म्हटलं की लगेच सोशलिझम आला म्हणून ओरड सुरू होते आणि आपल्याकडेही तेच मेसेज फिरतात, पण जरा मागे जाऊन बघा ना. १९५०च्या दशकातले राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर उजव्या विचारांच्या रिपब्लिकन पक्षाचे, त्यात लष्करातले जनरल, तरी त्यांच्या काळात सगळ्यात वरच्या उत्पन्नावर ९१ टक्के दर होता (पळवाटा भरपूर होत्या, पूर्ण दराने भरणारे थोडेच, हेही खरं). पुढे राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या १९८६ च्या कायद्याने तो २८ वर आला.

मला जास्त खटकते ती सोशल सिक्युरिटी, म्हणजे तिथली सरकारी पेन्शन योजना. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३५ मध्ये आणलेली ही योजना चांगलीच आहे, म्हातारपणी लाखो लोकांना तिचाच आधार आहे, पण पगारातून ६.२ टक्के कापतात ते एका मर्यादेपर्यंतच, २०२४ मध्ये ती १,६८,६०० डॉलर होती, त्याच्यावरच्या पगारावर शून्य. म्हणजे नर्स वर्षभर भरत राहणार आणि मोठ्या कंपनीचा सीईओ वर्षाच्या सुरुवातीलाच मोकळा, हा कुठला न्याय?

आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर तिकडे गेलेली आपली मुलंमुलीही हे पैसे भरतात बरं का, पण साधारण दहा वर्षं काम झाल्याशिवाय पेन्शनचा हक्क नाही, त्याआधी परत आले तर सगळं तिथेच राहतं. अनेक देशांनी अमेरिकेशी यावर करार केलेत, भारताचा अजून नाही. दिल्लीने व्यापाराच्या बोलणीत हा विषय आधी घ्यावा.

– एक वाचक, पुणे