उद्यमनगरातल्या वाइंडिंगवाल्या मामांना, जाहीर थँक्यू

मामा, नमस्कार. तुमचं नाव इथं टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही माहितीय, पण ज्यांनी तुमच्याकडून शेतीपंपाच्या मोटरी भरून घेतल्यात ते बरोबर ओळखतील.

आईचा व्हॅक्यूम क्लीनर आठवतोय ना? पत्र्याचा, लांबट, ऐंशीच्या दशकातला, मागून गरम हवा सोडणारा. तो चालू केला की आतून निळ्या ठिणग्यांचं कडं दिसायचं आणि जळका वास यायचा. ज्याला दाखवला त्याने न उघडताच सांगितलं आर्मेचर (मोटरच्या आतला, तारा गुंडाळलेला फिरता भाग) गेलंय, पार्ट मिळत नाही, नवीन घ्या. नवीन घेऊ शकत होतो हो, पण आई ऐकेना, तिच्या मते नव्या मशीनला वजनच नाही त्यामुळे त्यात दम नाही. (हे लॉजिक मला आजपर्यंत कळलेलं नाही.)

तुमच्याकडे आलो तेव्हा ऐन उन्हाळा, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, सिंगल फेजिंगने (तीनपैकी एक फेज गेल्याने) जळालेल्या मोटरी दारापर्यंत, आणि त्यांचे मालक बाहेर उभे, पिकाला पाणी थांबलेलं. त्यात मी हे घरगुती खेळणं घेऊन. वाटलं हाकलणार. तुम्ही फक्त विचारलंत, "आर्मेचर गेलंय म्हणून कुणी सांगितलं? उघडून बघितलं का त्यानं?" आणि म्हणालात, ठेवून जावा. खरं तर थँक्यू त्या एका प्रश्नासाठीच आहे.

मी गेलो नाही, तिथेच बसलो, ते बरं झालं. पंख्याचा नट उलट्या आट्याचा होता, आधी कुणीतरी जोर लावून त्याच्या कडा गोल करून ठेवलेल्या, तुम्ही तो शिव्या देत देत का होईना पण शाफ्टला धक्का न लावता काढलात. मग आर्मेचर ग्राउलरवर (वाइंडिंगमधला शॉर्ट शोधायच्या यंत्रावर) ठेवून वरून हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा धरला आणि एकेक खाच फिरवत गेलात. शॉर्ट असेल तिथे ब्लेड थरथरतं म्हणालात, आणि ते कुठेच थरथरलं नाही. वाइंडिंग ठणठणीत! कार्बन (आर्मेचरला करंट पोचवणारे छोटे ठोकळे) मात्र झिजून बोटाच्या नखाएवढे उरलेले, स्प्रिंगचा दाब त्यांच्यापर्यंत पोचत नव्हता, कम्युटेटरला (कार्बन ज्यावर घासतात त्या गोल भागाला) चर पडलेला, तांब्याच्या पट्ट्या झिजून मधला अभ्रक वर आलेला आणि फटींमध्ये कार्बनची भुकटी. ठिणग्या उडणार नाहीत तर काय होणार.

शेजारच्या लेथवर कम्युटेटरला अगदी हलका कट मारून आणलात, मग ब्लेड घासून पातळ केलेल्या हत्याराने प्रत्येक फटीतला अभ्रक खाली घेतलात. चष्मा कपाळावर आणि आर्मेचर नाकाला टेकलेलं, बाहेर शेतकरी हाका मारतायत आणि तुमचं लक्षच नाही. त्या मापाचे कार्बन मिळत नाहीत म्हटल्यावर ग्राइंडरचे मोठे कार्बन घासून बसवलेत, कम्युटेटरला काचपेपर गुंडाळून त्यांना गोलाई दिलीत. एमरी पेपर का नाही विचारलं तर म्हणालात त्याची पूड करंट वाहते, फटीत बसली की पुन्हा तीच बोंब. बेरिंग 608 नंबरचं, ते मात्र कुठेही मिळतं, दोन्ही बदललीत. शेवटी बल्ब सिरीजमध्ये लावून मोटर हळू फिरवत ठेवली, कार्बन नीट बसेपर्यंत डायरेक्ट लाइन द्यायची नाही म्हणून.

आणि ते आवाजाचं! मला आयुष्यभर वाटायचं पाइप तुंबला की मोटरवर लोड येतो म्हणून ती किंचाळते. तुम्ही पाइपच्या तोंडावर तळहात ठेवून ऐकवलंत, "आवाज चढला म्हंजे जोर लागतोय असं न्हवं, हवाच नाही तर पंखा ओढणार काय, मोकळी पळतीय ती." शेतीपंपाची मोटर मिनिटाला 2880 फेरे मारते, ही वीस हजाराच्या वर जाते, आणि आपल्याच ओढलेल्या हवेने थंड राहते, म्हणून हवा अडली की पळते पण आणि तापते पण. आता आई आवाज बदलला की लगेच बंद करून पिशवी झटकते, मला सांगते मामांनी सांगितलंय, जशी काही तीच दुकानात बसली होती.

पैसे तुम्ही व्यवस्थित घेतलेत, तेही आवडलं, नाहीतर पुन्हा यायला लाज वाटली असती. कारण पुन्हा यायचंच आहे, आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंचा जुना मिक्सर ठिणग्या टाकतोय आणि त्यांनाही कुणीतरी न उघडताच आर्मेचर गेलंय म्हणून सांगितलंय. पाऊस लागून तुमची गर्दी ओसरली की घेऊन येतो, काकूंना बरोबर आणत नाही, त्या घासाघीस फार करतात.